लिंक्ड लिस्टपाशी अडलेल्यांसाठी

ॲरेपर्यंत सगळं बरं चाललेलं असतं. लूप जमतो, बबल सॉर्टचा राइटअप लिहून होतो, सरांची सही मिळते. मग दुसऱ्या वर्षाला सी भाषेत लिंक्ड लिस्ट येते, म्हणजे प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता असलेली साखळी, आणि अर्धा वर्ग गुपचूप पाठांतराकडे वळतो. तिथे एकदा वळलात की पुढे स्टॅक, क्यू, ट्री, ग्राफ सगळंच पाठ करावं लागतं, आणि ते पाठ होत नाही. केटी लागते (म्हणजे विषय मागे राहतो) ती ग्राफमध्ये, पण तिचं मूळ इथे असतं.

नोड म्हणजे साखळीची एक कडी, मालोक म्हणजे मेमरीत नवी जागा मागून देणारं फंक्शन. याहून जास्त सांगत बसत नाही, ते कुठल्याही पुस्तकात आहे. एका खड्ड्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण त्यात पडलेला माणूस आठवडाभर आपण ढ आहोत असं समजत राहतो.

इन्सर्ट नावाचं फंक्शन घ्या. मेनमधून त्याला हेड, म्हणजे पहिल्या नोडचा पत्ता, पाठवला. आत मालोकने नवा नोड घेतला, त्यात १० भरले, नव्याच्या नेक्स्टमध्ये हेड ठेवला, शेवटी हेडमध्ये नवा ठेवला. प्रत्येक ओळ दिसायला बरोबर. कंपायलर गप्प. डिस्प्ले बोलावलं की पडद्यावर येतं, लिस्ट रिकामी आहे. पुन्हा वाचा, काहीच चुकीचं दिसत नाही. रात्री दोन वाजेपर्यंत वाचलंत तरी दिसणार नाही, कारण चूक ओळींमध्ये नाहीच. ती डोक्यातल्या चित्रात आहे.

सीमध्ये फंक्शनला जे पाठवाल त्याची प्रत जाते. इंटिजरच्या बाबतीत हे सगळ्यांना पाठ असतं, पहिल्या वर्षी स्वॅपचं उदाहरण झालेलं असतं. पण त्याच उदाहरणातून एक चुकीचा धडाही डोक्यात बसतो: पॉइंटर (पत्ता साठवणारं व्हेरिएबल) पाठवला की मूळ बदलतं. तसं नाही. पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो ती वस्तू बदलता येते. खुद्द पॉइंटर हीही एक किंमतच, आणि तिचीही प्रतच जाते.

कागद घ्या. वर एक चौकोन काढा, तो मेनचा. त्यात हेड नावाचं घर, किंमत नल (म्हणजे कुठलाच पत्ता नाही). खाली दुसरा चौकोन, इन्सर्टचा. त्यातही हेड नावाचं घर, किंमत नल. नाव एक, घरं दोन. मालोकने समजा ५००० या पत्त्यावर नोड दिला. शेवटच्या ओळीने खालच्या घरात ५००० आले. वरच्या घराला कुणी हातही लावला नाही. फंक्शन संपलं की खालचा चौकोन पुसायचा, आणि तो खरोखर खोडरबराने पुसा. आता कागदावर ५००० हा आकडा कुठे उरला आहे का? नाही. नोड मेमरीत पडून आहे आणि त्याचा पत्ता कुणाकडेच नाही. ओरलला मेमरी लीकची व्याख्या विचारतात तेव्हा हेच चित्र सांगा.

खरी मेख पुढे आहे. असंच हेडची प्रत घेणारं, पण शेवटी नोड जोडणारं फंक्शन लिहिलंत आणि लिस्टमध्ये आधीच एक नोड असेल, तर ते अगदी व्यवस्थित चालतं! कारण तेव्हा हेड बदलावाच लागत नाही. प्रत घेऊन शेवटच्या नोडपर्यंत चालत जायचं आणि त्याच्या नेक्स्टमध्ये नवा पत्ता लिहायचा. तो नोड कुठल्याच फंक्शनच्या चौकोनात नसतो, हीपमध्ये, म्हणजे मालोक जिथून जागा देतो त्या मेमरीत असतो, म्हणून बदल टिकतो. पहिला नोड बरेच जण मेनमध्येच बनवतात, त्यामुळे फंक्शन बरोबर आहे अशी खात्री पटते आणि लिस्ट रिकामी असताना तेच फंक्शन दगा देतं. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

उपाय तीन. फंक्शनने नवा हेड परत करायचा आणि मेनमध्ये तो हेडमध्ये साठवायचा. किंवा हेडचा पत्ता पाठवायचा, म्हणजे पॉइंटरचा पॉइंटर. किंवा सुरुवातीला एक रिकामा नोड कायमचा ठेवायचा, म्हणजे हेड बदलण्याचा प्रसंगच येत नाही. नवख्याने पहिला वापरावा. दोन चांदण्यांचा, म्हणजे पॉइंटरच्या पॉइंटरचा प्रकार नंतर शिकलात तरी चालतो. फक्त परत आलेली किंमत साठवायला विसरलात की पुन्हा त्याच खड्ड्यात.

चौथा उपाय सीनियरच्या पेनड्राइव्हमधून येतो: हेड ग्लोबल करून टाक. तो चालतो, सहीही मिळते, आणि चित्र काढायची वेळ टळते म्हणून तो मला सगळ्यांत घातक वाटतो. पुढच्याच प्रॅक्टिकलला दोन बहुपदींची बेरीज करायची असते. तिथे एकाच वेळी तीन लिस्ट लागतात आणि ग्लोबल हेड एकच असतो. मग हेड१, हेड२, हेड३ आणि प्रत्येकासाठी वेगळं इन्सर्ट. अशा फाइली दर वर्षी सबमिट होतात.

पायथनवाल्यांनी हसू नये. फंक्शनला यादी दिली आणि आत ॲपेंड केलं तर बाहेर बदल दिसतो. आत ‘यादी = यादी + दुसरी यादी’ असं लिहिलं तर दिसत नाही, कारण आतलं नाव आता नव्याच यादीला चिकटलं. जावातही तेच. भाषा बदलून सुटका नाही, आणि एका अर्थी बरंच आहे: हे चित्र एकदा बसलं की तिन्ही भाषांना पुरतं.

प्रत्येक फंक्शन लिहून झालं की कागदावर तीन वेळा चालवा: लिस्ट रिकामी असताना, एकच नोड असताना, तीन नोड असताना. डिलीट असेल तर तीन नोडमधला पहिला, मधला आणि शेवटचा असे तिन्ही काढून बघा. वीस मिनिटं लागतात. डिलीटमध्ये आणखी एक चूक हमखास होते. नोड फ्री करायचा, म्हणजे त्याची मेमरी परत द्यायची, आणि मग त्याच नोडचा नेक्स्ट वाचायचा. हे कधी चालतं, कधी कोसळतं, मशीन बदललं की वागणंही बदलतं. आधी नेक्स्ट बाजूला ठेवा, मग फ्री करा. उबुंटूवर जीसीसी या कंपायलरला ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हा पर्याय ‘-जी’सोबत दिलात तर अशी चूक ओळीच्या नंबरासकट दाखवतो. लॅबमध्ये कुणी सांगत नाही, घरी वापरा.

लॅबवरून आठवलं. काही ठिकाणी अजून टर्बो सी हा जुना कंपायलर आहे, डॉसबॉक्समध्ये चालणारं. त्यात इंटिजर २ बाइटचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे जागा नाही. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला ७ दिलात तर ५,०४० येतात. ८ दिलात तर ४०,३२० ऐवजी -२५,२१६. वजा दिसतं म्हणून निदान शंका तरी येते. घरी जीसीसीवर इंटिजर ४ बाइटचा असतो, १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला बहुधा १,९३,२०,५३,५०४ असा गुबगुबीत धन आकडा येतो, तोही चुकीचाच. कुणाला संशयही येत नाही.

मेन्यूचा प्रोग्रॅम ‘पुढे चालू ठेवायचं का, वाय की एन’ विचारतो आणि उत्तराची वाट न बघताच पुढे पळतो, हाही प्रश्न प्रत्येक बॅचला पडतो. आधी आकडा वाचताना तुम्ही दाबलेला एंटर बफरमध्ये तसाच राहतो आणि पुढचा स्कॅनएफ (इनपुट वाचणारं फंक्शन) तोच एंटर अक्षर म्हणून उचलतो. ‘परसेंट सी’च्या आधी, अवतरणचिन्हाच्या आत, एक स्पेस द्या. एफफ्लशला एसटीडीइन देणं हा झेरॉक्सच्या नोट्समधला उपाय सगळीकडे चालेल याची सीचं स्टँडर्ड हमी देत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एरर मेसेजची धास्ती वाटते. इंग्रजी कच्चं म्हणून प्रोग्रॅमिंग जमणार नाही हे खोटं आहे. कंपायलरची भाषा पंचवीस-तीस शब्दांची आहे आणि ती तो आयुष्यभर फिरवून फिरवून वापरतो. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे हे नाव मला कुणी सांगितलंच नाही: स्पेलिंग तपासा, हेडर तपासा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही तक्रार कंपायलरची नाही, कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरची: नाव माहीत आहे, पण फंक्शनचं शरीर कुठे सापडत नाही. तीच तक्रार मेनबद्दल असेल तर बहुतेक वेळा फाइल सेव्ह केलेली नसते किंवा मेनच्या स्पेलिंगमध्ये गडबड असते. बावीस एरर आले तर फक्त पहिला वाचा, तो सुधारा, पुन्हा कंपाइल करा. एका विसरलेल्या सेमीकोलनाची पिलावळच वीस निघते, आणि तो सेमीकोलन बरेचदा एरर दाखवलेल्या ओळीच्या आधीच्या ओळीत असतो.

आता जरा कडू बोलतो. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून कोड ‘समजतो’, यात शंका नाही. दुसऱ्याने सोडवलेलं प्रत्येक गणित समजतं. व्हिडिओ बंद करा, कोरी फाइल उघडा आणि तोच प्रोग्रॅम लिहा. तिसऱ्या ओळीवर अडलात तर तुम्हाला तेवढाच येतो, तीन ओळी. वाईट वाटून घेऊ नका, सगळे तिसऱ्याच ओळीवर अडतात. वीस-पंचवीस मिनिटं झगडा, मग उत्तर बघा, फाइल पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. दिवसाला एकच प्रोग्रॅम असा झाला तरी पुष्कळ झाला. शंभर प्रश्नांच्या याद्या घेऊन बसणाऱ्यांकडे बघूच नका.

चॅटजीपीटीचंही तेच. कोड मागितलात की तो देतो आणि प्रॅक्टिकलच्या चिठ्ठीसमोर तुम्ही कोरे. त्याऐवजी आपला कोड देऊन विचारा, हा कोणत्या इनपुटला मोडेल? उत्तर कागदावर पडताळून घ्या, तोही चुकतो.

मदत कुणाकडे मागायची? पॅकेजचे आकडे सांगत फिरणाऱ्या मार्गदर्शकांकडे तर नाहीच. आपल्यापेक्षा एकच वर्ष पुढे असलेल्या, नुकत्याच त्यातून सुटलेल्या ताईकडे किंवा दादाकडे जा. त्यांना अजून आठवत असतं कुठे दुखतं ते. मात्र कीबोर्ड त्यांच्या हातात देऊ नका. दोन मिनिटांत दुरुस्त करून देतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

‘आय प्लस प्लस, प्लस, प्लस प्लस आय’ची किंमत किती, असल्या कोड्यांवर एक संध्याकाळसुद्धा घालवू नका. सीच्या नियमानुसार त्याला निश्चित उत्तरच नाही. एकाच व्हेरिएबलला एकाच एक्स्प्रेशनमध्ये दोनदा बदललेलं आहे, आणि आधी कुठला बदल व्हावा हे ठरलेलं नाही. व्हायव्हाला विचारलंच तर नम्रपणे हेच सांगा. समोरचे खूश होतीलच असं नाही.

गणिताचं भय असेल तर सध्या एवढं पुरे: साधारण मशीन सीमध्ये सेकंदाला दहा कोटींच्या आसपास साध्या पायऱ्या करतं, असा ढोबळ हिशेब धरा. एक लाख आकड्यांवर लूपच्या आत लूप म्हणजे एक हजार कोटी पायऱ्या, शंभर सेकंद. तेच मर्ज सॉर्टने सतरा लाखांच्या आसपास, पापणी लवायच्या आत. बिग ओची (इनपुट वाढलं की पायऱ्या किती वाढतात ते सांगणाऱ्या मापाची) व्याख्या पाठ नसली तरी हा गुणाकार आला की अर्धं काम झालं. एम-१, एम-२ हे गणिताचे पेपर मात्र मागे ठेवू नका. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या चालू बॅकलॉग असलेल्याला परीक्षेलाच बसू देत नाहीत, तिथे कोड कितीही चांगला येवो.

आणि प्रॅक्टिकलला लिंक्ड लिस्टची चिठ्ठी आली तर लगेच टाइप करायला घेऊ नका. पुरवणीच्या कोपऱ्यात आधी ते दोन चौकोन काढा, मेनचा आणि फंक्शनचा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, फिरत येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक ‘लिस्ट रिकामी असेल तर?’ हाच असतो. प्रोग्रॅम अर्धा असला तरी त्या चित्रावर बोट ठेवून उत्तर देता येतं.