जळगाव-धुळ्यात नवीन आहात? गुप्तरोगाची तपासणी अशी करून घ्या

नोकरीसाठी जळगाव, भुसावळ, धुळ्याला नवे आलेले लोक ओळखीचा डॉक्टर नाही म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणतात. तेवढं करू नका. अर्धवट अँटिबायोटिकने पू थांबतो, जंतू मात्र उरतात आणि पुढच्या तपासणीत चकवतात.

सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. धुळ्यात ते भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय, जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं. सकाळी केसपेपर काढा. खिडकीवर अहिराणीत "काय व्हयनं?" विचारलं, तर "त्वचा व गुप्तरोग" एवढंच सांगा; येण्याचं कारण खिडकीवर सांगावं लागत नाही. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, मोफत होते. उपाशी जायची गरज नाही. आधी समुपदेशक बोलतात, मग तुमच्या संमतीनेच रक्त घेतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने निकाल गुप्त राहतो, कंपनीला कळवला जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा होतो. संबंधानंतर चौथ्या दिवशी केलेली एचआयव्ही चाचणी निगेटिव्हच येणार, आणि त्या कागदाच्या भरवशावर माणूस निर्धास्त होतो. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी 45 दिवसांनी भरवशाची. बोटातून रक्त घेऊन करायची झटपट चाचणी 90 दिवसांनी. गरमीचा (सिफिलिसचा) व्रण 10 ते 90 दिवसांत कधीही उठतो, दुखत नाही, आपोआप भरतो; आजार आत तसाच राहतो. म्हणून व्हीडीआरएल ही गरमीची रक्तचाचणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. ती पॉझिटिव्ह आली तर टीपीएचए या दुसऱ्या रक्तचाचणीने खात्री करतात, कारण मलेरियासारख्या आजारातही ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

धोका नुकताच झाला असेल तर मात्र थांबू नका. एचआयव्ही रोखणारी 28 दिवसांची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओपीडीची वाट न पाहता रात्रीच अपघात विभागात जा.

खाजगी लॅबमध्ये "सगळं तपासा" म्हणू नका, नावं सांगा: एचआयव्ही, व्हीडीआरएल, कावीळ बी. परमा (गोनोरिया) आणि क्लॅमिडिया या गुप्तरोगांसाठी लघवीची पीसीआर चाचणी वेगळी मागावी लागते. त्याआधी एक-दोन तास लघवी करू नका आणि पहिल्या धारेची 20-30 मिलीच द्या. नेहमीच्या सवयीने मधली धार दिली, तर जंतू आधीच वाहून गेलेले असतात.

परमा किंवा क्लॅमिडिया निघाला तर जोडीदाराचेही उपचार त्याच वेळी करा. दोघांचा कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध टाळा, नाहीतर तोच आजार पुन्हा परत येतो. बोलायला संकोच वाटत असेल तर 1097 हा एचआयव्ही-एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे.