पक्ष्यांच्या मलेरियावर काम करायचंय? आधी स्लाइड वाचायला शिका

या विषयात पीएचडी करू पाहणारे बहुतेक जण मला आधी पीसीआरचा, म्हणजे रक्तातला परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा, प्रोटोकॉल मागतात. तो मिळेल हो, त्यात काही अवघड नाही. पण आधी काही महिने मायक्रोस्कोपसमोर बसा.

पक्ष्यांचा मलेरिया माणसाला होत नाही. तरी डासाच्या शरीरातला मलेरियाच्या परजीवीचा प्रवास रोनाल्ड रॉसने १८९८मध्ये कलकत्त्यात उलगडला तो पक्ष्यांवरच. आज या विषयाखाली परजीवींचे तीन गट येतात. प्लाझमोडियम डासांमार्फत पसरतो, हिमोप्रोटियस चावणाऱ्या बारीक चिलटांमार्फत आणि पिसांत राहणाऱ्या चपट्या माश्यांमार्फत, तर ल्युकोसायटोझून काळ्या माश्यांमार्फत. हिमोप्रोटियसला 'मलेरिया' म्हणायचं की नाही यावर परिषदांमध्ये अजून वाद रंगतात. त्यात नवख्याने वेळ घालवू नये.

पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा छोटा थेंब पुरतो. पक्ष्याच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त रक्त घ्यायचं नाही, हा पाळायचाच नियम. थेंब काचेवर पातळ ओढायचा आणि लगेच वाळवायचा. हवा दमट असेल आणि वाळायला उशीर झाला तर पेशी वेड्यावाकड्या होतात. मग पेशी पक्क्या करायला मिथेनॉल, मग गिम्सा हा रंग. पक्ष्याच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, त्यामुळे जांभळ्या केंद्रकाला कवेत घेऊन वाढणारा हिमोप्रोटियस एकदा दिसला की विसरत नाही. रक्तपेशीतच विभाजन चाललेलं दिसलं तर तो प्लाझमोडियम. या दोघांत रंगद्रव्याचे गडद कण असतात, ल्युकोसायटोझूनमध्ये नसतात. रंगाचा गाळही असाच कणाकणांचा दिसतो आणि नवखे तिथे हमखास फसतात. फोकस किंचित खालीवर करून पाहा, गाळ बहुतेक वेळा पेशीच्या वरच्या पातळीवर असतो.

एवढा आटापिटा कशाला? कारण पीसीआर फक्त परजीवीचा डीएनए आहे एवढंच सांगतो. परजीवी त्या पक्ष्यात पूर्ण वाढतोय की आत शिरून अडकलाय, हे त्यातून कळत नाही. स्लाइडवर गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीच्या नर-मादी अवस्था, दिसले तरच तो पक्षी वाहक कीटकाला संसर्ग देऊ शकतो असं म्हणायला आधार मिळतो. उलट, जुना संसर्ग इतका विरळ असतो की स्लाइड कोरी दिसते आणि पीसीआर मात्र पॉझिटिव्ह येतो. म्हणून दोन्ही लागतात. परजीवीच्या सायटोक्रोम बी जनुकाचा ४७९ अक्षरांचा तुकडा वाचून मालअवी या पक्षी-मलेरियाच्या डेटाबेसशी जुळवणं ही आता सगळीकडची रीत आहे. पण सिक्वेन्सच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसली तर 'खराब सिक्वेन्स' म्हणून फेकू नका, एकाच पक्ष्यात दोन परजीवी असणं नेहमीचं आहे.

आकडेवारीतली सर्वांत मोठी गफलत मात्र पक्षी पकडायच्या जाळ्यातच होते. तीव्र आजारी पक्षी हलत नाही, म्हणून जाळ्यात येत नाही. सापडतात ते बहुतेक तगलेले. त्यामुळे एखाद्या जातीत संसर्गाचं प्रमाण जास्त दिसलं म्हणजे तिला रोग जास्त घातक, असं नाही. कदाचित ती जात तो सोसून जगते, आणि खरी घातक जोडी तुमच्या नमुन्यात येतच नाही. हवाई बेटांवर हे उघड दिसतं. १८२६च्या सुमारास तिथे क्युलेक्स डास पोचला, पुढे प्लाझमोडियम रेलिक्टमही पोचला, आणि इइवीसारखे पक्षी थंड, डासविरहित उंचीवर तेवढे उरले. अमाकिही हा पक्षी मात्र काही सखल भागांत संसर्ग अंगावर घेऊन टिकला. आता तापमानवाढीने डासही वर चढताहेत, म्हणून २०२३पासून तिथे वोल्बाकिया हा जिवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत, म्हणजे त्यांच्याशी जुळलेल्या रानातल्या डासमाद्यांची अंडी उबणार नाहीत.

सोसणंही फुकट नसतं. स्वीडनमधल्या ग्रेट रीड वार्बलर या पक्ष्याच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून दिसलं की जुनाट संसर्ग असलेल्या पक्ष्यांचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, लवकर झिजतात आणि त्यांची पिल्लंही कमी होतात. असं उत्तर एका हंगामात मिळत नाही. वळे घातलेले तेच पक्षी पुन्हापुन्हा पकडावे लागतात.

म्हणून नव्या लिनिएजच्या, म्हणजे डीएनएवरून वेगळ्या ठरणाऱ्या परजीवी-वंशाच्या, शिकारीवर प्रबंध उभारू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी लिनिएज सापडतेच, प्रश्न मात्र जागच्या जागी राहतो. एकच जात, एकच जागा आणि बरेच हंगाम घ्या. गाइड निवडताना तीन गोष्टी विचारा: जुन्या स्लाइड जपून ठेवल्या आहेत का, पक्षी पकडण्याची परवानगी किती वर्षांची आहे, आणि डास ओळखणारं माणूस कोण आहे. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर कीटकशास्त्राच्या विभागात आधी स्वतः जाऊन या. नुसत्या पक्ष्यांवर हा प्रबंध अर्धाच होईल.