पाहुण्या व्याख्यात्यांचा अभ्यासक्रम सलग कसा झाला

वितरित प्रणालींचा (नेटवर्कने जोडलेले अनेक संगणक मिळून एक काम करतात, अशा प्रणालींचा) प्रगत अभ्यासक्रम आमच्याकडे पाहुणे व्याख्याते शिकवत असत. प्रत्येक जण सवडीच्या तारखेला येत असल्यामुळे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९७८ मधील तार्किक घड्याळे (घटनांचा क्रम लावणारे गणक) विद्यार्थ्यांना वारंवार ऐकावी लागत. मात्र असमकालिक प्रणालीत, म्हणजे संदेश पोहोचायला किती वेळ लागेल याला मर्यादा नसलेल्या प्रणालीत, एकच प्रक्रिया बंद पडण्याची शक्यता असली, तरी सहमतीची (सर्व प्रक्रियांनी एकच मूल्य ठरवण्याची) खात्री देणारा नियतात्मक, म्हणजे यादृच्छिकता न वापरणारा, अल्गोरिदम असू शकत नाही, हा फिशर, लिंच आणि पॅटरसन यांचा १९८५ मधील निष्कर्ष कोणीच शिकवत नसे.

नियोजन माझ्याकडे आल्यावर मी तारखा बाजूला ठेवून आधी कोणता विषय कशावर अवलंबून आहे, याचा आलेख काढला. अशा आलेखाचा टोपोलॉजिकल क्रम (ज्यात प्रत्येक विषय त्याला लागणाऱ्या विषयांनंतर येतो) बहुधा एकमेव नसतो, आणि तीच मोकळीक कामी आली: राफ्ट हा सहमती घडवणारा अल्गोरिदम सहमतीच्या व्याख्येनंतरच हवा, पण बायझंटाइन दोष (यंत्राचे मनमानी किंवा फसवे वर्तन) आणि वितरित हॅश टेबल (अनेक यंत्रांवर विभागलेली शोधसारणी) यांत आधी काय घ्यायचे, हे व्याख्यात्यांच्या सवडीवर सोडता आले.

प्रत्येक व्याख्यात्याला एक पानी टिपण पाठवले. विद्यार्थ्यांना काय येते, कोणती चिन्हे वापरायची आणि व्याख्यानानंतर त्यांना काय सिद्ध करता आले पाहिजे, एवढेच त्यात होते. नामवंत तज्ज्ञाला असे टिपण आवडणार नाही, ही भीती अनाठायी ठरली. उलट बहुतेकांनी ते आधीच का दिले जात नव्हते, असे विचारले. गृहपाठ, प्रयोग आणि मूल्यमापन मात्र विभागातील एकाच शिक्षकाकडे ठेवले, कारण पाहुणा निघून गेल्यावर शंका त्यालाच सोडवाव्या लागतात.