गुरू टिपायचाय? आधी गच्चीवरून खाली उतरा

माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण; 1200 मिलिमीटर फोकल लांबीची (आरशापासून प्रतिमा पडते तिथपर्यंतचं अंतर), बिनमोटरची. मिरजेत घरामागच्या परसात, मातीवर ठेवते मी ती. गच्चीवर आकाश जास्त दिसतं हे खरं, पण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि त्या थरथरत्या हवेतून गुरूचे पट्टे पार पुसले जातात. परसात चिकूमुळे पूर्वेचं थोडं आकाश झाकलं जातं. जाऊ दे. ग्रह टिपायचा तो निदान 40 अंश वर चढल्यावरच. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून बघायची वेळ येणार नाही अशी जागा धरा. दुर्बीण अंधार पडायच्या आधी बाहेर काढा; आरसा हवेइतका गार व्हायला पाऊण-एक तास लागतो. तेवढ्यात कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत ना, ते तपासून होतं.

सुरुवात चंद्रापासून करा, मोबाइलनेच. 25 मिलिमीटरचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), त्यावर मोबाइल धरणारा अडॅप्टर. स्क्रीनवर चंद्राच्या कडेवर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड इतका खाली ओढा की पांढरे भाग करपणार नाहीत. तीन सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर बोटाच्या धक्क्याने सगळं हलतं.

कोजागिरीला दूध प्या, फोटो राहू द्या. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, चंद्र सपाट दिसतो. खरी मजा उजेड-अंधाराच्या सीमेवर, आणि ती कुठे सापडेल ते कालनिर्णयात बघून ठरवता येतं. शुद्ध अष्टमीला टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं एका ओळीत उजेडात येतात. नवमीला ‘सरळ भिंत’: सुमारे 110 किलोमीटर लांबीचा कडा, काळ्या रेघेसारखा. दशमीला कोपर्निकस, 93 किलोमीटर रुंद, आतल्या पायऱ्यांसकट. माझं मत विचाराल तर नवमी सोडू नका.

ग्रहांचं गणित वेगळं. या दुर्बिणीत 45 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) गुरू आयपीसच्या जागी लावलेल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर जेमतेम पाव मिलिमीटरचा पडतो, म्हणून प्रतिमा मोठी करणारी बारलो भिंग लागते. किती पटीची? पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या आणि पाचाने गुणा. एफ-रेशो, म्हणजे फोकल लांबी भागिले आरशाचा व्यास, त्याच्या आसपास हवा. माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल 2.9 मायक्रॉनचा, म्हणजे साधारण एफ/14.5. एफ/8 च्या या दुर्बिणीला दुप्पट बारलो पुरते. तिप्पट लावलीत तर गुरू मोठा दिसेल, पण अंधुक. तपशील वाढणार नाही.

एकेक फोटो काढत बसू नका, व्हिडिओ घ्या. हवा क्षणभर थांबते, पुन्हा हलते. हजारो फ्रेममधल्या त्या थांबलेल्या क्षणांच्या तेवढ्या निवडायच्या. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या व्हिडिओ घेण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा आकार लहान करा म्हणजे वेग वाढतो. एक्स्पोजर गुरूला 5 ते 10 मिलिसेकंद, शनीला त्याच्या दुप्पट. फोकस गुरूच्या चंद्रांवर साधा. ते बारीक ठिपके झाले की गुरूही नेमका होतो.

मोटर नसली तरी अडत नाही. दुप्पट बारलोवर माझ्या सेन्सरची रुंदी ओलांडायला ग्रहाला साधारण अर्धा मिनिट लागतं. दुर्बीण थोडी पुढे नेऊन ठेवा, हात काढा, ग्रहाला सरकत जाऊ द्या. असं चार-पाच वेळा. पीआयपीपी हे फुकटचं सॉफ्टवेअर सगळे तुकडे जोडून ग्रह मधोमध आणून देतं. मात्र सगळं मिळून तीन मिनिटांत उरका. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यापुढे तपशील फासले जातात.

10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला (ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा) गुरू मिथुनेत होता, म्हणजे मिरजेहून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. हवेचा थर सगळ्यात पातळ तिथेच. पण डॉब्सोनियन नेमकी माथ्यावर वळवताना हट्टीपणा करते, म्हणून ग्रह माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर काम करा. उत्तर युरोपातल्या लोकांना ग्रहांची ही उंची मिळत नाही. डेमियन पीच या इंग्रज छायाचित्रकाराने त्यासाठी बार्बाडोसला जाऊन फोटो काढले आहेत.

पुढे ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या 20-25 टक्के फ्रेम एकावर एक रचा, मग रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, तपशील उठावदार करणाऱ्या वेव्हलेट पट्ट्या सरकवा. इथे हात आवरावा लागतो. गुरूच्या कडेला पांढरी कड उमटली की समजा जास्त झालं, मागे या.

फाइलच्या नावात तारीख आणि वेळ जागतिक वेळेत लिहा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. गुरूचा कोणता भाग समोर होता ते त्यावरूनच काढता येतं. फिलिपिन्समधल्या सेबूहून क्रिस्टोफर गो यांनी 2006 मध्ये गुरूवरचं एक पांढरं वादळ तांबडं झालेलं टिपलं, तेही हौशी निरीक्षकच होते.