ऑप्शनमधला मोठा आकडा आणि माझे ८४०० रुपये

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, उद्यमनगरात एका वर्कशॉपचं अकाउंट बघतो, आणि गेली तीनेक वर्षं डबा खाता खाता एनएसई या शेअर बाजाराची ऑप्शन चेन, म्हणजे एका शेअरच्या सगळ्या ऑप्शनच्या आकड्यांचा तक्ता, उघडून बसायची सवय लागलीय (ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा किंवा विकायचा हक्क). नवीन पोरं विचारत्यात की दादा, कुठल्या स्ट्राइकला (ऑप्शनच्या ठरलेल्या भावाला) मोठं काम झालंय ते बघून शेअर कसा हुडकायचा. सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका.

शेअर हजाराच्या आसपास, रिझल्ट दोन दिवसांवर. ११०० च्या कॉलमध्ये, म्हणजे ११०० ला शेअर घ्यायच्या हक्कामध्ये, एका दिवसात ९००० कॉन्ट्रॅक्टचा व्हॉल्यूम, आणि आदल्या दिवसाचं ओआय (ओपन इंटरेस्ट, अजून न मिटलेले सौदे) फक्त १२००! मला वाटलं झालं, कुणाला तरी आतली बातमी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी १८ रुपयांनी एक लॉट उचलला, लॉट ७०० चा, म्हणजे १२,६०० रुपये. रिझल्ट चांगला आला, शेअर दोन टक्के वर पण गेला, आणि कॉल आला ६ रुपयांवर. अंदाज बरोबर आला तरी पैसे गेले, हे पचवायला आठवडा लागला मर्दा. रिझल्टच्या आधी आयव्ही (शेअर किती हलेल याचा बाजाराचा अंदाज) फुगलेला असतो, ती धाकधूक प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनच्या भावात, आधीच धरलेली असते, आकडे आले की हवा जाते.

आणि खरी चूक तर आदल्या संध्याकाळचीच. भावकॉपी, म्हणजे दिवसअखेरच्या आकड्यांची एनएसईची फाइल, फुकट मिळते, ती उघडलीच नव्हती. ओआय १२०० वरून फक्त १३५० झालं होतं, म्हणजे ९००० मधलं बहुतेक काम त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी सोडलेलं. हेच ओआय सात-आठ हजारावर गेलं असतं तर नवीन पोझिशन घरी नेलीय असं म्हणता आलं असतं. म्हणून व्हॉल्यूम दिवसभर बघा, पण निकाल संध्याकाळच्या ओआयवर.

तरी एक गोष्ट राहतेच. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला एक घेणारा असतो तसा एक विकणारा पण असतो, गुळाच्या सौद्यासारखंच, आवक बघून भाव कुणीकडं जाणार ते कळत नाही. मी ढोबळ असं बघतो: ओआय वाढलं आणि शेअर फारसा न हलता प्रीमियम नि आयव्ही पण वाढले तर घेणाऱ्याला घाई आहे, ओआय वाढलं पण आयव्ही पडला तर रायटर, म्हणजे ऑप्शन विकणारा, जोरात आहे. पण घेणारा दिसला तरी तो तेजीवालाच असतो असं नाही, कुणी फ्यूचर (पुढच्या तारखेचा शेअरचा सौदा) विकून वर कॉल घेऊन ठेवला असेल, कुणाच्या सौद्याचा दुसऱ्या स्ट्राइकला दुसरा पाय असेल, एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपायच्या, आठवड्यात तर बरंच काम रोलओव्हरचं, जुना सौदा पुढच्या महिन्यात न्यायचं असतंय.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून 'स्वीप' शोधत बसू नका. तिकडं एकाच ऑप्शनचं ट्रेडिंग बऱ्याच एक्स्चेंजवर चालतं, एक ऑर्डर सगळीकडं फुटते, ती वेगळी दिसते, तोच स्वीप. आपल्याकडं स्टॉक ऑप्शनचं जवळपास सगळं काम एनएसईवर, आणि चेनमध्ये दिसते ती गोळाबेरीज. तिथं साधारण १०० शेअरचं एक कॉन्ट्रॅक्ट, इथं प्रत्येक शेअरचा लॉट वेगळा, त्यामुळं नुसते कॉन्ट्रॅक्ट मोजू नका, प्रीमियमचे रुपये काढा.

बाकी दोन गोष्टी पटकन. मार्केटवाइड लिमिटच्या (एका शेअरमध्ये सगळ्यांच्या मिळून सौद्यांच्या मर्यादेच्या) ९५ टक्क्यांवर ओआय गेलं की शेअर बॅनमध्ये जातो, पोझिशन वाढवता येत नाही, कमीच करावी लागते. आणि स्टॉक ऑप्शनला डिलिव्हरी असते, इन द मनी कॉल (शेअरचा भाव स्ट्राइकच्या वर असलेला) एक्स्पायरीला विसरलात तर सगळ्या लॉटचे पैसे भरायची वेळ येते. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, मी पण त्यातलाच होतो की.

आता मी ऑप्शन घेतच नाही. मोठा आकडा दिसला की वहीत शेअरचं नाव, रिझल्टची तारीख, ओआय लिहितो, चार्ट आणि किती शेअर खरंच डिलिव्हरीत घेतले गेले ते बघतो, पटलं तर कॅशमध्ये थोडे शेअर घेतो. बहुतेक नावांपुढं शेवटी काटच बसते. मित्र मिसळीवर टिप मागतात तेव्हा ती वहीच पुढं करतो, दोन पानं बघून परत कटाकडं वळत्यात.