सिउदाद पेर्दिदाचा ट्रेक करताय? सह्याद्रीवाल्यांनो, या चुका टाळा

"अरे बाराशे मीटरच आहे ना, आपलं कळसूबाई १६४६ आहे!" पहिल्याच ग्रुप कॉलवर कोणीतरी हे बोललं, सगळे निवांत झाले, आणि आमची पहिली चूक तिथेच झाली.

कोलंबियाच्या उत्तरेला कॅरिबियन समुद्राला लागून सिएरा नेवादा दे सांता मार्ता नावाचे डोंगर आहेत, त्यांच्या जंगलात टायरोना लोकांनी साधारण इ.स. ८००च्या सुमारास वसवलेलं शहर म्हणजे सिउदाद पेर्दिदा, स्थानिक लोक त्याला तेयुना म्हणतात. माचू पिचूपेक्षा जवळपास साडेसहाशे वर्षं जुनं. स्पॅनिश आल्यानंतर ते ओस पडलं, मग १९७२ मध्ये खजिना लुटणाऱ्यांना सापडलं आणि पुरातत्त्ववाले पोचले १९७६ मध्ये. त्या लुटारूंनी या जागेला नाव काय ठेवलं होतं माहितीये? 'हिरवा नरक'. हे नाव आम्ही आधीच जरा सिरियसली घ्यायला हवं होतं, कारण हा ट्रेक उंचीने माणसाला थकवत नाही, ओलाव्याने थकवतो. पुढच्या निम्म्या चुका त्या ओलाव्याच्याच आहेत.

आधी घरून निघायच्या आधीच्या दोन चुका, कारण त्या तिकडे गेल्यावर दुरुस्त होत नाहीत. एक म्हणजे यलो फिव्हरची लस. लोकांना वाटतं ती कोलंबियासाठी घ्यायची, पण खरी अडचण परत येताना असते. यलो फिव्हरवाल्या देशातून सर्टिफिकेटशिवाय भारतात उतरलात तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून काही उपयोग नाही. साठीच्या पुढचं कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्यांनी डॉक्टरशी नीट बोलूनच लस घ्यावी. दुसरी चूक सप्टेंबरची. त्या महिन्यात तिथले मूळ रहिवासी आपल्या धार्मिक विधींसाठी ही जागा बंद ठेवतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पावसाचा जोर, नद्या फुगलेल्या. डिसेंबर ते मार्च बरा. सेफ्टीबद्दल विचाराल तर २००३ मध्ये इथून परदेशी पर्यटकांचं अपहरण झालं होतं आणि त्यानंतर काही काळ ट्रेक बंदच होता, तेव्हा तिकीट काढायच्या आधी ताजी ट्रॅव्हल अॅडव्हायझरी बघायचीच. एकट्याने जाता येत नाही, गाइडसोबत ग्रुपनेच जावं लागतं.

आता बूट. आमच्यात एकाने खास या ट्रेकसाठी जाडजूड वॉटरप्रूफ बूट घेतले, महागडे, आणि फुशारकी मारत होता. पहिल्या दिवशी नदी ओलांडताना पाणी वरून आत गेलं आणि मग ते वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेरही येईना, माणूस चार दिवस दोन बादल्या पायात घालून चालला. जंगलात पाणी आत येणारच, बाहेर पडणारे बूट हवेत. साधे, जाळीदार, चांगली ग्रिप असलेले आणि घरी महिनाभर वापरलेले. रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर सकाळी थोडा फरक पडतो (रद्दी नेली म्हणून मला हसले होते, तिसऱ्या रात्री तेच मागायला आले).

कपडे वाळतील ही आशा सोडून द्या. कॅम्पवर दोऱ्या बांधलेल्या असतात, सगळे कपडे टांगतात, सकाळी तितकेच ओले काढून घालतात. कोकणात जुलैमध्ये टॉवेल कसा आंबट वास मारायला लागतो ना, तसं अख्खं अंग होतं. उपाय एकच, झोपायचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायचा आणि काहीही झालं तरी चालायला घालायचा नाही. सकाळी तो ओला शर्ट पुन्हा अंगात घालताना शिव्या येतात तोंडात, पण कोरडा जोड फोडलात तर त्या रात्रीपासून थंडी वाजायला लागते आणि जांघा-बगला सोलवटायला लागतात. अँटीफंगल पावडर न्या. सॅकवर नुसतं रेनकव्हर टाकून भागत नाही, आत मोठी कचऱ्याची पिशवी लावा.

पायाला फोड आला तर तो फोडायच्या आधी, खरं तर नुसतं चुरचुरायला लागलं की लगेच थांबून टेप लावा. इथे ग्रुपची भानगड येते. आपल्यामुळे सगळे थांबतील म्हणून माणूस बोलत नाही, तासभर तसाच चालतो आणि मग उरलेले तीन दिवस लंगडतो. आमच्याकडे हे झालं, आणि चूक लंगडणाऱ्याची कमी, पुढे पळणाऱ्या तिघांची जास्त. दुपारनंतर पाऊस येतो, बुरिताका नदीचं पाणी चढतं, म्हणून सकाळी लवकर निघायचं हे बरोबर, पण लवकर निघायचं म्हणजे पळायचं नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, एक अनुभवी माणूस शेवटी ठेवा, आपण राजगड-तोरण्याला जे करतो तेच.

पोट. कॅम्पवर पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी देतात, तेच भरा, नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. घाम इतका जातो की नुसतं पाणी पिऊन डोकं दुखायला लागतं, ओआरएसची पाकिटं दिवसाला दोन या हिशोबाने न्या. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा आणि 'चिकनही नाही, मासेही नाही' असं फोड करून सांगा. तरी चिक्की, खाकरा आणि लोणच्याची पाकिटं असू द्या, भात-राजम्याच्या तिसऱ्या जेवणाला लोणच्याची किंमत कळते. वाटेत एटीएम नाही, सुटे पेसो जवळ ठेवा.

जी चूक मला सगळ्यात जास्त खटकली ती फोटोंची. वाटेवर कोगी या तिथल्या मूळ रहिवाशांची गोल झोपड्यांची वस्ती लागते, पांढरे कपडे घातलेली पोरं दिसतात आणि लगेच मोबाइल बाहेर येतात. न विचारता फोटो काढू नका, पोरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. पुरुषांच्या हातात भोपळ्याचं छोटं भांडं आणि काडी असते, त्याला पोपोरो म्हणतात. त्यात शिंपले भाजून केलेला चुना असतो आणि तो कोकाच्या पानांबरोबर चघळतात. आपल्याला तंबाखू-चुना आठवतो, पण त्यांच्यासाठी ते पुरुषपणाचं पवित्र चिन्ह आहे, "जरा बघू" म्हणून हात पुढे करायची वस्तू नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शहरापर्यंत चढणाऱ्या सुमारे १२०० दगडी पायऱ्या येतात. अरुंद, तिरप्या, शेवाळलेल्या. चढताना दम लागतो एवढंच, लोक घसरतात उतरताना, कारण वर फोटोबिटो काढून झालेले असतात आणि डोकं जेवणाकडे लागलेलं असतं. तोंड दगडाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरा, लाज वाटायचं कारण नाही. आणि वर पोचलात की पहिल्याच चौथऱ्यावर बसकण मारू नका, एकूण १६९ चौथरे आहेत, गाइडबरोबर सगळ्यात वरपर्यंत जा, खालची गोल जोती तिथूनच नीट कळतात.

परतीची वाट बहुतेक तीच आणि चिखलाचा उतार भरपूर, तेव्हा गुडघ्यांसाठी काठी हवी आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापलेली हवीत. आमच्यातल्या दोघांची अंगठ्याची नखं बुटाला ठोकून ठोकून काळी पडली आणि महिन्याभराने गळाली. नेलकटर दोघांच्याही सॅकमध्ये होतं.