मंडळीने गावं असं मराठी गीत कसं लिहावं

मंडळीसाठी, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या सगळ्यांसाठी, गीत लिहायला बसताना स्टेजवरचा गायक डोळ्यांसमोर आणू नका. कल्याणहून लोकलने आलेली, भायखळ्याचा जिना चढून दम अजून खाली न बसलेली एखादी आजी आणा. तिला हे गीत एकदा ऐकून दुसऱ्या कडव्याला सूर धरता आला पाहिजे. पुढचं सगळं मोजमाप तिच्या श्वासावर आणि तिच्या मराठीवर चालतं.

आधी वचन, मग वृत्त, चाल शेवटी

मुंबईत हा क्रम हमखास उलटा होतो. इंग्रजी उपासनेतली एखादी चाल आवडते आणि तिच्यावर मराठी शब्द बसवले जातात. अडचण चालीच्या सुरुवातीलाच येते. बऱ्याच इंग्रजी चाली तालाच्या आधीच्या एका हलक्या स्वराने सुरू होतात आणि जोर दुसऱ्या स्वरावर पडतो. तिथे ‘येशू’ ठेवला की ‘ये’ निसटतो, ‘शू’ ठणकतो आणि नाव कानाला परकं लागतं. चाल तीच ठेवायची असेल तर ओळ लघु-गुरू, म्हणजे आधी ऱ्हस्व मग दीर्घ अक्षर असलेल्या, शब्दाने सुरू करा: प्रभू, कृपा, दया, तुझी, जसा. किंवा त्या हलक्या स्वरावर ‘हे’, ‘जो’, ‘तू’ असं एकाक्षर ठेवा. एवढ्याने निम्मी गीतं सुधारतात. उरलेली निम्मी नव्या चालीनेच सुधारतील.

मराठीतून सुरुवात करायची तर दोन साचे पुरेसे आहेत. एक पादाकुलक: ओळीत सोळा मात्रा (लघु अक्षराची एक, गुरूच्या दोन), आठ-आठचे दोन भाग, केरवा तालात किंवा भजनी ठेक्यात चपखल बसणारे. दुसरा अभंग. त्यात मात्रा मोजत नाहीत, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लहान अभंगात आठ-आठ. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीचा हा घाट ख्रिस्ती उपासनेत रुजवला, म्हणून जुन्या मंडळ्यांना तो पाठ करावा लागत नाही, अंगातच असतो.

आता एक कडवं जवळून पाहू. वचन आहे बायबलमधलं स्तोत्र १३०: पहारेकरी पहाटेची वाट पाहतो, त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो. रात्रभर बिल्डिंगच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारा माणूस मुंबईत कोणाला सांगावा लागत नाही, त्यामुळे प्रतिमा आयतीच मिळते.

कधी उजाडे, वाट पाहतो
दारावरला पहारेकरी;
तसा जीव हा तुला शोधतो,
ये ना देवा, आमुच्या घरी.

दुसऱ्या ओळीसाठी पहिला मोह ‘रात्रपाळीचा पहारेकरी’ असा होतो. शब्द मोठा नामी आहे. पण मोजा: रा दोन, त्र एक, पा दोन, ळी दोन, चा दोन. नऊ झाल्या. एक मात्रा जास्त, आणि ती ‘चा’वर येते, म्हणजे नेमकी पुढच्या समेच्या, तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर. अर्धी मंडळी ‘चा’ आखडेल, अर्धी ‘पहारे’ उशिरा उचलेल आणि ढोलकीवाला मध्ये सापडेल. ‘दारावरला’ आठ मात्रांचा आहे, म्हणून तो घेतला; रात्रपाळी दुसऱ्या कडव्यात येऊ शकते. ‘वॉचमन’ मात्र नको. बोलण्यात तोच शब्द असला तरी गाताना पोरं हसतात.

ओळींचे उत्तरार्धही तपासा. ‘वाट पाहतो’, ‘पहारेकरी’, ‘तुला शोधतो’, ‘आमुच्या घरी’ हे चारही तीन-तीन-दोन असे तुटतात. दर ओळीला तोच तुकडा आल्याने मंडळीला पुढची उडी आधीच कळते. पूर्वार्धात असा एकसारखेपणा नसला तरी चालतं. तिथे थोडा बदल बराच, नाहीतर गीत पाढ्यासारखं होतं.

व्याकरणातले तीन सापळे

पहिला लिंगाचा. ‘मी गातो, मी आलो, मी शरण येतो’ असं लिहिलं की मंडळीतल्या सगळ्या बायकांना पुरुष होऊन गावं लागतं, आणि आपल्याकडे बाकांवर बायकाच जास्त दिसतात. वाटा सोप्या आहेत. भविष्यकाळ घ्या, ‘गाईन, येईन’ दोघांना सारखंच. अनेकवचन घ्या, ‘आम्ही गातो’. किंवा कर्ता बदला: मन गाते, जीव शोधतो. वरच्या कडव्यात ‘जीव’ आहे तो याचसाठी.

दुसरा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा. देवाशी बोलताना ‘आम्ही’; एकमेकांना बोलावताना ‘आपण’, जसं ‘चला, आपण गाऊ’. ‘आपण तुझी स्तुती करतो’ या ओळीत देव स्वतःचीच स्तुती करणाऱ्यांत जाऊन बसतो. ही चूक नव्या गीतांत सर्रास आढळते, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे.

तिसरा संबोधनाचा. पहिल्या ओळीत ‘हे पित्या’ आणि तिसरीत ‘तू वधस्तंभी मेलास’ असं झालं तर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, गीत परत पाठवतील, आणि बरोबरच करतील; वधस्तंभावर गेला तो पुत्र, पिता नव्हे. कडव्यागणिक कोणाशी बोलतोय ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा: पिता, पुत्र, आत्मा की शेजारी. देवाला ‘तू’च म्हणायचं. ‘आपण, आपले’ केलं की गीताला सरकारी अर्जाची कळा येते.

पट्टी आणि स्वर

मिश्र मंडळी आरामात गाते तो पल्ला साधारण मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘सा’पर्यंत), सा पेटीच्या पांढरी दोनवर धरून. चाल मध्य षड्जाच्या खाली उतरत नसेल आणि वर तार मध्यमापर्यंत जात असेल, तर सा पांढरी सहावर आणा. वरची हद्द तीच राहते. गडबड होते ती गाणाऱ्या बाई काळी पाचला सुरू करून तार पंचम घेतात तेव्हा. तो स्वर वरच्या सप्तकातल्या पांढरी चारवर जातो आणि मागचे चार बाक गप्प होतात. त्यांना गीत आवडलं नाही असं समजू नका. त्यांचा आवाज तिथे पोचत नाही, एवढंच.

सर्वांत उंच स्वरावर आ, ए किंवा ओ येऊ द्या. ‘ई’वर गळा आवळतो, ‘ऊ’ विरून जातो. लांबवायच्या जागी अकारान्त शब्द टाळा: ‘तारण’ खेचला की ‘तारणाऽ’ होतो. ‘तारणारा’ किंवा ‘तारी’ खेचला तरी शाबूत राहतो.

लांबीचा हिशेब असा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांची ओळ आठ सेकंदांची, चार ओळींचं कडवं बत्तीस सेकंदांचं. चार ओळींचं ध्रुपद, म्हणजे फिरून फिरून येणारं पालुपद, सुरुवातीला एकदा आणि तिन्ही कडव्यांनंतर एकेकदा धरलं तर २२४ सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या आतबाहेर. चौथं कडवं प्रभुभोजनाच्या रांगेसाठी राखून ठेवा. आठ सेकंदांचा श्वास आजीला पुरत नाही, म्हणून आठव्या मात्रेला शब्द पुरा व्हायलाच हवा. तो मध्येच तुटला तर श्वासही तिथेच तुटतो.

जागाही पाहा. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलसारख्या १७१८ सालापासूनच्या उंच छताच्या दगडी इमारतीत आवाज घुमत राहतो. तिथे भरभर येणारी लघु अक्षरं एकमेकांत कालवली जातात, लय उतरवावी लागते. चाळीतल्या किंवा शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये स्लॅब खाली आणि पंखे चालू, तिथे तेच गीत संथ घेतलं तर पडतं.

हक्क, छपाई, पहिला रविवार

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाण्याला सूट आहे. अनुवाद करणं, पुस्तिकेत छापणं, यूट्यूबवर टाकणं यांचा तिच्यात समावेश नाही. त्यासाठी हक्क ज्याच्याकडे असतील त्याची लेखी परवानगी लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की शब्द मोकळे होतात. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांना नवी चाल लावायला आडकाठी नाही.

पडद्यावर एका वेळी चारच ओळी दाखवा. दोन ओळींत भरपूर अंतर ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फाइल युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं गीत चर्चच्या कॉम्प्युटरवर उघडलं की चौकोन आणि इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि हे नेहमी उपासनेला पाच मिनिटं उरली असताना कळतं.

नवं गीत नाताळाला किंवा पुनरुत्थानाच्या रविवारी काढू नका. त्या दिवशी लोकांना ओळखीचं हवं असतं. साध्या रविवारी अर्पणाच्या वेळी गायकवृंदाने ते एकट्याने गावं. पुढच्या रविवारी मंडळीला फक्त ध्रुपद द्यावं, तिसऱ्या रविवारी पूर्ण गीत. तिसऱ्या वेळी पेटी दोन ओळी बंद ठेवून पाहा. मंडळी त्याच लयीत पुढे गेली तर गीत बसलं. जिथे अडखळली तिथल्या मात्रा घरी जाऊन पुन्हा मोजा.